सोलापुरात घर बांधतोय: स्वयंपाकघराचं ठरत नाही, मदत करा

माळदांडी

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात घराचं काम चाललंय. स्लॅब झाला, भिंती उभ्या राहिल्या. आता प्लंबर आणि वायरमन दोघंही रोज एकच विचारतात, "किचनचं काय ठरलं?" ठरलं काहीच नाही, म्हणून हा धागा.

जागा आतून १० फूट बाय ११ फूट. पूर्वेची आणि पश्चिमेची भिंत १० फुटांची, दोन्ही बाहेरच्या. पश्चिमेला ४ फुटी खिडकी सोडलीय. दक्षिणेच्या भिंतीत पश्चिमेकडच्या टोकाला मागच्या मोरीचं दार. हॉलमधून यायचं दार उत्तरेला.

फर्निचरवाल्याने दिलेल्या चित्रात पश्चिमेच्या खिडकीखाली ओटा आणि शेगडी, पूर्वेला कपाटं आणि मधोमध एक 'आयलंड'. संगणकावर फार देखणं दिसतं. सगळं पांढरंशुभ्र, ओट्यावर काचेच्या भांड्यात लिंबं. आमच्या ओट्यावर पिठाचा डबा असतो.

आई ४ फूट १० इंच, दोन्ही वेळच्या भाकरी तिच्या हातच्या. बायको साडेपाच फूट, ऑफिसातून आल्यावर भाजी-आमटी तिच्याकडे. मी चहा आणि रविवारचं मटण. बायको म्हणते ओटा ३६ इंच हवा, आई म्हणते ३०. नळाला चार दिवसांआड पाणी. बोअर आहे, पण पाणी जड.

तर उंची किती? शेगडी ओट्यावर ठेवायची की ओट्यात बसवायची (हॉब)? प्लाय की बांधीव? चिमणी लागते का? आणि त्या आयलंडचं काय करू?

बे_एके_बे

आयलंड कशाला बे? बेट म्हटल्यावर भोवती पाणी पाहिजे. ते चार दिवसांतून एकदाच येतंय.

ओळंबा

विनोद सोडला तरी हिशोब बे_एके_बे यांच्या बाजूचाच आहे. पूर्व-पश्चिम ११ फूट. दोन्हीकडे २-२ फुटांचे ओटे किंवा कपाटं धरली की मधे उरले ७ फूट. त्यात अडीच फुटांचं आयलंड टाकलं तर दोन्ही बाजूंना सव्वादोन फुटांच्या बोळकांड्या. एकजण खालचा खण उघडून बसला की दुसऱ्याने हॉलमध्ये जाऊन वाट बघायची. दोन माणसं काम करणार असतील तर मधे साडेतीन ते चार फूट मोकळे लागतात. आयलंडचा नाद सोडा.

शेगडी खिडकीखालून हलवाच. पश्चिमेचा वारा सुटला की जाळ फरफरतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळच्या स्वयंपाकाला ऊन थेट तोंडावर. पश्चिमेच्या खिडकीला नुसता छज्जा उपयोगाचा नाही. दुपारनंतर ऊन तिरपं, जवळजवळ आडवं येतं, ते छज्ज्याखालून सरळ घुसतं. तिथे उभ्या पट्ट्या किंवा जाळी लावा, नाहीतर बाहेर वेल चढवा.

मी तुमच्या जागी असते तर इंग्रजी 'एल' आकाराचा ओटा केला असता. पूर्वेची भिंत पूर्ण, आणि दक्षिणेची मोरीच्या दारापर्यंत. शेगडी पूर्वेला, सिंक दक्षिणेला दाराजवळ. म्हणजे सिंकचं सांडपाणी भिंतीपलीकडे मोरीतच पडेल, घरभर पाइप फिरवावा लागणार नाही. सिंक आणि शेगडी यांच्या मधे निदान ३ फूट सलग ओटा ठेवा. खरं काम तिथेच होतं. धुतलं, चिरलं, कढईत टाकलं. फ्रिज उत्तरेला, दाराशी, म्हणजे पाणी प्यायला येणारा माणूस स्वयंपाक करणाऱ्याच्या पायात येत नाही.

गोदाक्का

शेगडी पूर्वेला, म्हणजे करणारीचं तोंड पूर्वेला. आणि कोपरा आग्नेय. आईला सांगा, ती लगेच हो म्हणेल. बाकी कारणं तिला सांगायची गरज नाही.

माळदांडी

@गोदाक्का, सांगितलं. "मी तर आधीपासूनच म्हणत होते" असं उत्तर आलं. 😀

कोथरूडकर

इतकं सरसकट नको. आमच्या फ्लॅटमध्ये आयलंड आहे आणि आम्ही खूश आहोत. मुलं तिथे अभ्यास करतात, पाहुणे गप्पा मारत बसतात. सिंक, शेगडी, फ्रिज यांचा त्रिकोण जमला की झालं. तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांत बसवायची, हा जगभर मानलेला नियम आहे.

बे_एके_बे

आमच्यात पाहुणे स्वयंपाकघरात आले तर त्यांना लसूण सोलायला बसवतात.

माइनतीर

त्रिकोणाचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. मूळचा सोलापूरचा, सध्या फ्रँकफर्टला. १९२६ साली इथल्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं, 'फ्रँकफर्ट किचन' म्हणून ओळखतात. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर. आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराचा त्यांनी अभ्यास केला होता. हात लांबवला की वस्तू सापडली पाहिजे, पावलं वाचली पाहिजेत. डाळी-पिठासाठी ओतायच्या चोचीचे ॲल्युमिनियमचे खण, ओट्याला कचरा लोटायची खाच, बसून काम करायला फिरतं स्टूल. अशी दहाएक हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची वंशावळ तिथपर्यंत जाते.

पण ते एका बाईने एकटीने काम करायचं, या हिशोबाने बेतलेलं होतं. दुसरी व्यक्ती आत शिरली की कोंडी. पुढे त्यावर टीकाही झाली, बाईला एकटीला खोलीत कोंडलं म्हणून. त्रिकोणाचंही तेच, तो एका स्वयंपाक्याचा हिशोब आहे. माळदांडी यांच्याकडे संध्याकाळी सातला आई तव्यापाशी, बायको आमटीपाशी आणि हे स्वतः चहासाठी दूध शोधत. त्यांना त्रिकोणापेक्षा वाट मोकळी हवी.

गोदाक्का

आता उंचीचं. या प्रश्नावर पुरुषांनी जपून बोलावं.

भाजी चिरायला एक उंची लागते आणि भाकरी थापायला दुसरी. चिरताना हात कोपरातून हलतो. भाकरीचं पीठ मळताना मात्र खांद्यातून जोर येतो, अंगाचं वजन हाताच्या तळव्यावर उतरावं लागतं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कमी, ते मळून मळूनच वळतं. ओटा उंच असला तर जोर मनगटावर येतो. मग बायका काय करतात, पाट घेऊन त्यावर उभ्या राहतात, नाहीतर परात खाली घेऊन जमिनीवर बसतात. साठीनंतर खाली बसलं की उठताना गुडघे बोलतात.

आमच्या घरी सुनेसाठी मोठा ओटा आहे आणि त्याला लागून अडीच फूट लांबीचा तुकडा खाली उतरवलेला. काठवट तिथे कायमची. शेजारीच शेगडी, म्हणजे थापलेली भाकरी उचलून दोन पावलं चालायला नको. भाकरी हातावर असताना चालायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

ओळंबा

आक्कांना +१. आकड्यांत सांगते. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. त्यातून ४ ते ६ इंच वजा केले की चिरण्या-निवडण्याच्या ओट्याची उंची मिळते. मळण्या-थापण्यासाठी त्याहून आणखी दोन-तीन इंच खाली. साडेपाच फूट बाईचं ३५-३६ इंचांवर येईल, ४ फूट १० इंचाचं ३१-३२ वर, भाकरीसाठी २९-३०. म्हणजे तुमच्या घरातली दोन्ही माणसं बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या कामांबद्दल बोलताहेत.

अजून एक गोष्ट लोक धरत नाहीत. शेगडीची स्वतःची उंची पाच-सहा इंच. ३४ इंचांच्या ओट्यावर शेगडी ठेवली की बर्नर चाळिशीला टेकतो. त्यावर आमटीचं पातेलं चढलं की तुमच्या आईंना आत काय चाललंय ते दिसणारच नाही, वाफेवरून अंदाज. म्हणून शेगडीखालचा ओटाही उतरवा. तुमच्या पूर्वेच्या १० फुटांत शेगडी आणि भाकरीचा तुकडा मिळून साडेपाच फूट २९-३० इंचांवर, पुढचा सगळा ओटा ३५ वर. मधे पायरी येईल. चित्रात चांगली दिसणार नाही.

कोथरूडकर

पायरीमुळे ओटा तुटक होतो. पुसायला त्रास, सांध्यात घाण अडकते. आणि उद्या घर विकायचं म्हटलं तर?

माळदांडी

विकायचं नाहीये हो. गृहकर्ज फिटेपर्यंत तरी विचार करायची हिंमत नाही.

करवत

पायरीच्या सांध्याला ग्रॅनाइटची उभी पट्टी लावून इपॉक्सी भरली की घाण अडकत नाही. हे काम मी कायम करतो.

माझा धंदा फर्निचरचाच, तरी सांगतो, सोलापुरात खालचा सांगाडा बांधीव करा. विटेच्या किंवा कडप्प्याच्या उभ्या भिंती, आत कडप्प्याच्या फळ्या, त्यावर फक्त दारं आणि खण प्लायचे. वाळवी दगड खात नाही. जोत्याच्या वेळी वाळवीचं औषध मारलं का, ते गवंड्याला विचारून घ्या. सिंकखाली तर लाकडाचा तुकडाही नको. गळती कुठे ना कुठे होतेच, आणि प्लाय फुगला की दार लागत नाही.

प्लाय घेताना दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' म्हणेल. तोंडाकडे बघू नका, फळीवरचा शिक्का बघा. आयएस ७१० म्हणजे मरीन दर्जा, पाण्याच्या जागी तो. आयएस ३०३ मध्ये दोन प्रकार येतात. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) असेल तर स्वयंपाकघरात चालेल, एमआर (नुसता दमटपणा सोसणारा) असेल तर तो हॉलमधल्या कपाटाला ठेवा. आयएसआय खुणेबरोबर 'सीएम/एल' लिहिलेला परवाना क्रमांक असतो, तो नसेल तर ती फळी गाडीतून उतरवूच नका. कापलेल्या कडांना पट्टी लावून घ्या, पाणी कडेतूनच शिरतं.

जाळीच्या ट्रॉल्या घ्यायच्या तर ३०४ दर्जाच्या स्टीलच्या. २०२ चकाकतं तसंच, पण आपल्या खारट पाण्यात लवकर डागाळतं. त्यापेक्षा सपाट तळाचे खण बरे. ट्रॉलीच्या जाळीतून चमचा खाली पडतो आणि तिथेच संसार करतो.

विणकर_पोर

तुमचं १० बाय ११ वाचून आम्ही पूर्व भागातले लोक गप्पच बसलो होतो. आमचं स्वयंपाकघर ६ बाय ८, त्यातच देव, त्यातच पाण्याचं पिंप. पुढच्या खोलीत एकेकाळी माग होता, आता टॉवेलच्या घड्या घालायचं काम चालतं. तेवढ्यात आई, काकू आणि बहीण तिघी मिळून उगादीला भक्ष्यालू करतात, तुमची पुरणपोळी. कोणी कोणाला आपटत नाही, कारण कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं आहे.

धागा बंगलेवाल्यांचा दिसतोय, पण ६ बाय ८ साठीही कोणीतरी लिहा.

ओळंबा

@विणकर_पोर, नक्की लिहिते, रात्री वेळ काढून.

जोळद_रोट्टी

पाण्याबद्दल अजून कोणी नीट बोललंच नाही. सोलापूरचं स्वयंपाकघर आखायचं तर सुरुवात नळापासून.

आमच्याकडे छतावर दोन टाक्या आहेत, एक बोअरची आणि एक कॉर्पोरेशनच्या, म्हणजे उजनी धरणाच्या पाण्याची. खाली दोन वेगळ्या लाइनी, सिंकवर दोन नळ. बोअरच्या पाण्याने भांडी, उजनीच्या पाण्याने स्वयंपाक. कारण डाळ. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे तूर शिजता शिजत नाही, कुकरच्या शिट्ट्या वाढतात, गॅस जातो. चहालासुद्धा साय येते. त्यामुळे शेगडीच्या ओट्यालगत उजनीच्या पाण्याचा एक नळ काढून घ्या, हात पोचेल असा. तो नळ आत्ता भिंत उघडी आहे तोवर निघतो, टाइल्स बसल्यावर नाही.

पिण्याच्या पाण्याची जागा वेगळी आखा. आमच्यात तांब्याची घागर, स्टीलचं पिंप आणि उन्हाळ्यात रांजण, अशी तीन भांडी असतात. मॉड्युलरवाल्यांच्या चित्रात यातल्या एकालाही जागा नसते. उत्तरेच्या भिंतीला, जिथे ऊन येत नाही, दीड फूट उंचीचा दगडी कट्टा बांधा आणि त्याला पाणी झिरपून जायला छोटी वाट ठेवा.

आरओ बसवणार असाल तर त्याची टाकून द्यायच्या पाण्याची नळी थेट गटारात सोडू नका. ते पाणी बरंच असतं. मोरीतल्या पिंपात घ्या, फरशी पुसायला होतं.

माळदांडी

@जोळद_रोट्टी, हे फार कामाचं. दोन लाइनींचं प्लंबरला आजच सांगितलं. त्याने खर्च वाढेल म्हणून तोंड वाकडं केलं, पण लिहून घेतलंय. डिशवॉशरचं काय? बायकोच्या मनात आहे. आईच्या मते भांडी यंत्रात घालण्याआधी घासून घ्यावी लागतात, मग यंत्र कशाला.

माइनतीर

घासून घालायची नसतात, खरकटं काढून घालायची. एका वेळेला साधारण १० ते १५ लिटर पाणी. तुम्ही नळाखाली तेवढी भांडी घासायला किती पाणी घेता ते बादलीत मोजून बघा आणि आईंना दाखवा. जड पाण्यासाठी त्यात मिठाचा कप्पा असतो, ते खास मीठ भरत राहावं लागतं, नाहीतर भांड्यांवर पांढरे डाग. लोखंडी तवा, पितळेची कल्हईची भांडी आणि लाकडी काठवट मात्र आत घालायची नाही.

घेणार नसलात तरी मोरीत त्याच्यासाठी नळ, सांडपाण्याची वाट आणि १६ अँपियरचा पॉइंट काढून ठेवा.

फ्यूज_उडाला

पॉइंटचा विषय आला म्हणून हजर.

ओव्हन, इंडक्शन, डिशवॉशर, मोरीतला गिझर या प्रत्येकाला १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट आणि ४ चौरस मिलिमीटरची तार. इंडक्शन एकटंच २००० वॅट घेतं. एका वायरीवर दोन-तीन यंत्रं लटकवली तर माझं नाव सार्थ होईल. ओट्याच्या वर ८-१० इंचांवर मिक्सर-ग्राइंडरसाठी ६ अँपियरचे निदान तीन पॉइंट, सिंकपासून लांब. आणि घराच्या मुख्य बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. ओल्या हाताने काम करायची जागा आहे ही.

दिव्याचं: खोलीच्या मधोमध एकच दिवा लावला की ओट्याकडे तोंड केल्यावर आपलीच सावली विळीवर. वरच्या कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला पट्टी दिवे लावा.

पंखा शेगडीच्या डोक्यावर नको, पण उन्हाळ्यात पंख्याशिवाय उभं राहवत नाही. भिंतीवरचा पंखा पश्चिमेच्या भिंतीला लावा, तोंड खाली आणि कडेला, म्हणजे वारा पाठीवर येईल, जाळावर नाही.

बे_एके_बे

तोपर्यंत लाइट गेलेली असती बे.

विणकर_पोर

चिमणीचं राहिलं. दुकानात १२०० चा आकडा दाखवतात, तो काय असतो?

ओळंबा

तासाला किती घनमीटर हवा खेचते, तो आकडा. माळदांडींची खोली १० बाय ११, उंची १० धरली तर ११०० घनफूट, म्हणजे साधारण ३१ घनमीटर. तासाला १२ वेळा हवा बदलायची म्हटलं तरी पावणेचारशे घनमीटर पुरतात. छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. पाइप, वळणं, तेलकट जाळी यांत बराच मार खातो. म्हणून दुप्पट-अडीचपट धरा, त्यापुढे पैसे घालवू नका. ६ इंची पाइप, सरळ पूर्वेच्या भिंतीतून बाहेर, फार तर एक वळण. शेगडीपासून चिमणी २४ ते ३० इंच वर. आणि हवा आत यायला वाट पाहिजे. दारं-खिडक्या बंद करून चिमणी लावली तर ती खेचणार काय?

माळदांडींची पश्चिमेची खिडकी म्हणूनच बुजवू नका, फक्त ऊन अडवा. वारा तिथूनच येणार आहे.

गोदाक्का

आमच्या जुन्या माळवदाच्या घरात चुलीवर धुराडं होतं. वीजबिल शून्य. फोडणीचा ठसका मात्र गल्लीभर जायचा आणि कोणाकडे काय शिजतंय ते सगळ्यांना कळायचं. 😀

ज्यांच्याकडे चिमणीचे पैसे नाहीत त्यांनी शेगडीच्या वरच्या बाजूला, छताजवळ ९ इंची एक्झॉस्ट बसवावा. काळं तिखट भाजायचं असेल तर ते काम मोरीत किंवा अंगणात. येसर आणि तिखट घरात भाजून मग चिमणीला दोष देण्यात अर्थ नाही.

करवत

आक्कांवरून आठवलं, उखळ कुठे ठेवणार? शेंगाचटणी मिक्सरमध्ये करणार असाल तर प्रश्न मिटला, पण मग ती शेंगाचटणी नाही, दाण्याचं कूट. दाण्याचं तेल सुटायला कुटावंच लागतं. आणि ते ग्रॅनाइटच्या ओट्यावर कुटायचं नाही. सिंकसाठी आणि हॉबसाठी जिथे दगड कापलेला असतो तिथे तो सगळ्यात कमजोर असतो, तिथूनच तडा जातो. मोरीत शहाबादी फरशी टाका आणि एका कोपऱ्यात उखळ जमिनीत बसवून घ्या.

हॉबबद्दल माझं मत: भाकरीच्या घरात घेऊ नये. जड तवा, वरून सतत पीठ सांडणार, ते बर्नरच्या भोकात जाणार. ओट्यावरची शेगडी उचलून खाली पुसता येते. ओटा उतरवला की हॉबचा 'बर्नर खाली येतो' हा एकच मोठा फायदा तसाही संपतो.

कोथरूडकर

हॉबबद्दल असहमत, आमचा उत्तम चालतो. पण आमच्याकडे भाकरी आठवड्यातून एकदा, तीही बाहेरून. त्यामुळे माझं मत बाद समजावं.

जोळद_रोट्टी

सिलिंडर कुठे? बंद कपाटात कोंडू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून कपाटाच्या दाराला अगदी खाली जाळी पाहिजे. त्याहून बरं म्हणजे दोन्ही सिलिंडर बाहेर हवेशीर जागी उभे, आणि तिथून तांब्याच्या पाइपची जोडणी एजन्सीच्या माणसाकडूनच. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख असते, पाच वर्षांनी बदलायची.

आणि धान्य. वर्षाची ज्वारी भरणार ना? नाव तर माळदांडी, ज्वारीच्या वाणाचंच घेतलंय. 😀

माळदांडी

भरणार म्हणजे काय! मामा मंगळवेढ्याचे, तिथून दरवर्षी पोती येतात. दोन क्विंटल ज्वारी, एक क्विंटल गहू, तूर वेगळी. हे सगळं सध्या पलंगाखाली आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मामा पोतं उतरवताना जास्तच ताठ उभे राहतात.

ओळंबा

एक क्विंटल ज्वारीला साधारण पाच घनफूट जागा लागते. म्हणजे तीन क्विंटल धान्याला कोठ्यांच्या मधली पोकळी धरून २ बाय ३ फूट जमीन आणि चार फूट उंची पुरे. ती जागा उत्तरेच्या भिंतीला द्या, फ्रिजच्या पलीकडे. जमिनीपासून चार इंच वर आणि भिंतीपासून चार बोटं सोडून.

पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री दहापर्यंत तापलेली असते. तिथे तेल, दाणे, मसाले ठेवले तर खवट होतील. त्या भिंतीला भांड्यांची कपाटं करा. भांड्यांना उन्हाचं काही नाही, आणि कपाटांमुळे खोलीत येणारी उष्णताही थोडी अडते. फ्रिजही तिकडे नको.

आता @विणकर_पोर. ६ बाय ८ मध्ये 'एल' करू नका, ८ फुटांच्या एकाच भिंतीला सलग ओटा करा, २१-२२ इंच रुंदीचा. समोर नऊ इंची फळ्या लावल्या तरी मधे जवळजवळ साडेतीन फूट मोकळे राहतात, तिघी बसायला तेवढीच जागा हवी. ओट्याखाली दारं लावू नका, पडदा लावा. दार उघडायला दोन फूट जागा खातं, पडदा खात नाही. सोलापुरात पडद्याच्या कापडाला काय तोटा? समोरच्या भिंतीला फक्त नऊ इंच खोलीच्या उघड्या फळ्या, एकामागे एक डबा बसणार नाही एवढ्याच. सगळे डबे दर्शनी राहतात आणि एकच जिन्नस तीनदा आणला जात नाही. पिंप ओट्याच्या टोकाला, नळाजवळ. ७ फुटांवर माळा, त्यावर वाळवणाचे डबे आणि सणाची पातेली.

विणकर_पोर

धन्यवाद ताई. पडद्याचं बहिणीला पटलं. नऊ इंचाच्या फळ्यांचं आईला पटलं नाही, तिच्या मते डबे दिसले की पाहुणे मोजतात. बघू.

बे_एके_बे

वाचनखूण साठवली. घर नाही, जागा नाही, लग्न नाही, पण किचन रेडी आहे आपलं.

माळदांडी

मंडळी, आज साइटवर बसून बरंचसं ठरवलं. आयलंड गेलं. 'एल' ओटा, शेगडी पूर्वेला, साडेपाच फूट २९ इंचांवर, बाकी ३५ वर. उंची ठरवायला विटा रचून त्यावर फळी टाकली आणि आईला रिकाम्या परातीत हात फिरवायला लावला. ती म्हणाली अजून एक इंच खाली. बायकोने चिरायचा ओटा ३५ मान्य केला. दोन टाक्या, दोन लाइनी, शेगडीलगत नळ. सांगाडा बांधीव, हॉब नाही. चिमणीसाठी आत्ता फक्त भिंतीला भोक आणि पॉइंट, पैसे उरले तर दिवाळीनंतर.

फर्निचरवाला नाराज आहे. म्हणाला, "साहेब, याला मॉड्युलर म्हणता येणार नाही."

एकच शंका उरलीय. ग्रॅनाइट काळा घ्यायचा की फिकट, आणि जाडी किती? दुकानदार १६ मिलिमीटर पुरे म्हणतो.

करवत

१८ च्या खाली जाऊ नका, २० मिळाला तर उत्तम. दुकानातल्या नमुन्यावर जाऊ नका, तुमचीच लादी कडेने टेपने मोजा. पुढे काठ जाड दिसावा म्हणून खाली पट्टी चिकटवतात, ती जाडी खरी नव्हे. लादी उभी करून पाणी ओता. तडा असेल तर वाळताना ओली रेघ मागे राहते.

काळा घेतलात तर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग रोज दिसतील, फिकट घेतलात तर हळदीचे. आमच्याकडे लोक काळाच घेतात आणि सिंकच्या बाजूचा दोन फूट रोज कोरडा पुसतात. डाग चढलेच तर लिंबूफुलाच्या पाण्याने काढा, फरशीचं ॲसिड अजिबात नको. आणि टाइल्स बसवायच्या आधी भिंतीतल्या सगळ्या पाइप-वायरींचे टेप धरून फोटो काढून ठेवा, कपाटाचे स्क्रू मारताना मला तेच लागणार आहेत.

जोळद_रोट्टी

पाइप झाकायच्या आधी दोन्ही लाइनींत पाणी सोडून रात्रभर ठेवा. आणि दोन नळांना वेगळ्या रंगाच्या मुठी लावा, नाहीतर पाहुणे हमखास बोअरच्या पाण्याचा चहा टाकतात.